घाऊक भावातला रक्तदाब

मला रक्तदाब आहे हे मला अगदी फुकटात कळलं. फुकट मिळालेली कुठलीच गोष्ट मला आजवर इतकी महाग पडलेली नाही.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसात तळमजल्यावर आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं होतं. वास्तविक मला तपासून घेण्यासारखं काहीच होत नव्हतं. पण हेडक्लार्क सकाळपासून माझ्याकडे कपाटांच्या खरेदीची फाइल मागत होते, आणि ती फाइल मी नेमकी कुठल्यातरी कपाटात ठेवली होती. तेव्हा वर बसून ती शोधण्यापेक्षा खाली जाऊन रांगेत उभं राहावं, असा एक छोटासा निर्णय मी घेतला. (कामाच्या वेळात इतकी लांब रांग सापडायलाही नशीब लागतं.)

नर्सबाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरं उभं आहे का म्हणून.

"आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. आमचे डॉक्टर फार कमी बोलतात. फी घेताना तर अजिबातच बोलत नाहीत. त्यांनीही पट्टा बांधला, त्यांनाही तोच आकडा आला.

"गोळी सुरू करू या. रोज सकाळी एक."

"किती दिवस?"

"कायमची."

"कायमची म्हणजे साधारण कुठपर्यंत धरायची?"

मी खरेदी विभागात कारकून आहे हे इथे सांगायला हवं. पुरवठ्याची मुदत लिहिल्याशिवाय माझ्या हातून कागद पुढे सरकत नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नीट घेतलीत तर बरीच वर्षं घ्यावी लागेल," ते म्हणाले. "नाही घेतलीत तर फार दिवस लागणार नाही."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं पट्टी दिली आणि किंमत सांगितली. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पट्टीवर बघितलं. किंमत तीच होती. तशी एका पट्टीची म्हणून ती फार नव्हती. गोम सगळी त्या 'कायमची'मध्ये होती. म्हणजे इतकी वर्षं ज्या अंगात मी फुकट राहत होतो, त्याच अंगात राहण्याचं आता दरमहा भाडं भरायचं.

"सगळेच घेतात हो काका," औषधवाला म्हणाला. "हा पुढचा माणूस तेच घेऊन गेला, मागचाही तेच घेणार आहे." मागच्या माणसानं मान हलवली. मला जरा बरं वाटलं, पण पैसे तेवढेच लागले.

खरं म्हणजे डॉक्टरांना 'यातलंच जरा स्वस्तातलं काही लिहून द्या' असं म्हणावं, हे माझ्या मनात आलं होतं. पण जीभच रेटेना. ऑफिसात खुर्च्यावाल्याला मी घासाघीस करून रडवतो. भाजीवाली मला बघून पाटी झाकून ठेवते. पण डॉक्टरांपुढे मात्र, तब्येतीपुढे पैसा म्हणजे काय, असा चेहरा करून बसायचं असतं. मीही बसलो. माझ्या आधी आणि माझ्यानंतरही सगळे तसेच बसले होते.

घरी बायकोनं चिठ्ठी वाचली, पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि कधी नव्हे ती काहीच चेष्टा केली नाही.

"उद्यापासून रोज सकाळी गोळी मी तुमच्या हातावर ठेवणार," ती म्हणाली, "आणि तुम्ही ती माझ्यासमोर गिळायची."

"अगं, एवढं काय त्यात? मी काय लहान आहे?"

"बाबाही लहान नव्हते." ती ताटं पुसत होती, ती पुसतच राहिली. "महिनाअखेर आली की गोळी बंद करायचे. म्हणायचे, बरं वाटतंय की मला, कशाला पैसे घालवायचे? एक दिवस दाढी करता करता त्यांचा हात गालावरच थांबला. तो परत हलला नाही. पुढे शेवटपर्यंत आईनं त्यांची दाढी केली."

सासऱ्यांचा तो थांबलेला हात मी पाहिला होता.

"गोळीत काटकसर करायची नाही. बाकी कुठेही करा," असं म्हणून तिनं ताटं फळीवर लावली.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं हे ऐकून नाक्यावरून महिन्याची पट्टी आणली असती आणि तो सुखी झाला असता. पण ऑफिसात मला उगाच 'तीन-कोटेशन' म्हणत नाहीत. तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय मी पेन्सिलीचं रबरसुद्धा घेत नाही, आणि घेतो तेव्हा सुटं घेत नाही. ऑफिसात डिंकाचं पिंप मीच घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे टाचणी वापरत नाहीत, सगळं चिकटवतात. (एकदा साहेबांच्या सहीचं पत्र साहेबांच्या बाहीला चिकटून त्यांच्या घरी गेलं, पण त्यात भावाचा काही दोष नव्हता.) घरासाठीही मी घाऊक भावानं डांबरगोळ्या घेतल्या होत्या. त्या अजून माळ्यावर आहेत. आमच्या घरात झुरळ नाही. पाहुणेही फार वेळ टिकत नाहीत.

तर बायकोचं ते वाक्य मी मंजुरी म्हणून धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. ऑफिस सुटलं की दुकानं पालथी घालायची. बसचे पैसे घालून स्वस्त औषध शोधणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून पायी. एका दुकानातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, आणि तिसऱ्यानं जरा कमी सांगितलं की तो भाव घेऊन परत पहिल्याकडे. पहिल्या दुकानातला माणूस पुढे पुढे मला लांबून बघूनच मान हलवायला लागला.

अखेर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, तीन जिने चढून गेल्यावर, मला एक घाऊक विक्रेता सापडला. गोणपाटासारखा जाड, शांत माणूस. त्याच्याभोवती छतापर्यंत खोके.

"या गोळीची पट्टी केवढ्याला, शेठ?"

"पट्टी मिळत नाही इथे. खोका मिळतो."

"खोका केवढ्याला?"

त्यानं आकडा सांगितला. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि मला जिन्याचा कठडा धरावा लागला. इतका स्वस्त भाव मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणि समजा लागलं नाही, तर परत घ्याल?"

"परत घ्यायला ही काय तुमची सासुरवाडी आहे?" शेठ म्हणाला. "सवलत आजचा दिवसच आहे. उद्याचं मी सांगत नाही."

आता प्रश्न उरला पैशांचा. एका वेळी एवढे पैसे माझ्याकडे नव्हते. घरात मात्र होते, आणि ते एका दातासाठी होते.

हे जरा सांगायला हवं. बायकोची उजवीकडची खालची दाढ गेल्या वर्षी तुटली होती. दातांच्या डॉक्टरांनी मुळाचं काम करून वर टोपी बसवायला सांगितलं होतं. त्याचा खर्च ऐकून ती घरी आली आणि तेव्हापासून डाव्या बाजूनं जेवायला लागली. ती शेजारपाजारचे कपडे शिवते. त्यातून थोडे थोडे करत तिनं ते पैसे शिवणयंत्रामागच्या बिस्किटाच्या डब्यात जमवले होते. जवळजवळ जमत आले होते.

मी विचार केला. दात काही पळून जात नव्हता. सवलत जात होती. म्हणून मी 'दात' या शीर्षाखालची रक्कम तात्पुरती 'औषध' या शीर्षाखाली वर्ग केली. ऑफिसात आम्ही हे रोज करतो. फरक एवढाच की ऑफिसातलं शीर्ष संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुमच्याकडे बघत नाही.

"हे काय आणलंत?" बायकोनं विचारलं.

"वर्षभराची ददात मिटवली!" मी खोका टेबलावर ठेवला. "तूच म्हणालीस ना, गोळीत काटकसर नको? आता महिनाअखेर येवो नाहीतर आणखी काही येवो, गोळी घरात हजर!"

तिनं खोक्याकडे बघितलं. मग शिवणयंत्राकडे बघितलं.

"दाताचे?"

"तात्पुरते गं. सवलतीतून वर्षभरात भरून निघतील."

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या 'बरं'चे सगळे प्रकार मला पाठ आहेत. हे त्यातलं नव्हतं. ती भांडली असती तर परवडलं असतं. तिनं नुसता खोका उचलला आणि म्हणाली, "राहू द्या, मीच ठेवते माळ्यावर."

मला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाटलं. जेवायला बसलो की ती घास डाव्या गालात सारायची, तेवढ्यात मी खाली ताटात बघायचो. पुढे पुढे मला जेवताना ताटातच बघायची सवय लागली.

महिना झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. शर्ट सैल झाला होता, कमरेचा पट्टा एक भोक आत गेला होता. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि चक्क हसले. त्यांचे दात मी प्रथमच पाहत होतो.

"अरे वा! काय केलंत काय?"

"काही नाही. कोटेशनं घेतली."

"चालणं वाढलंय तुमचं. वजन उतरलंय. असंच चालू ठेवा. पुढच्या खेपेलाही हाच आकडा आला तर ही गोळी मी बदलून टाकतो. अगदी हलकी देऊ. पुढेमागे कदाचित बंदही करून बघता येईल."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"डॉक्टर, इतकी घाई कशाला?"

"घाई? अहो, चांगली बातमी आहे ही!"

"कोणाला?" मी विचारलं.

त्या दिवशी घरी मी बसनं गेलो. दोनच स्टॉप होते, पण आता चालण्याचा धोका पत्करणं शक्य नव्हतं. डोळ्यांसमोर सारखा तो खोका येत होता. खोका म्हणजे काय होता? खोका म्हणजे बायकोची दाढ होती. आणि मी नुसता बरा झालो तर ती दाढ माळ्यावर पडून मुदत संपून जाणार होती.

मग मला आमच्या विभागाचा मूळ नियम आठवला. माल जास्त झाला तर माल टाकून देत नाहीत, मागणी वाढवतात. डिंकाचं आम्ही तेच केलं होतं. रक्तदाबाचं का होऊ नये? फार नको. आपल्या गोळीपुरता. डॉक्टरांनी तीच गोळी चालू ठेवावी एवढाच.

दुसऱ्या दिवसापासून मी जिना सोडून लिफ्ट धरली. बूट पलंगाखाली सारले. ऑफिसच्या फाटकाशी खाऱ्या दाण्यांची गाडी उभी असते. तिथून रोज दुपारी एक पुडी आणि घरी येताना एक पुडी घ्यायला लागलो. दाणेवाल्याला मी वरून जरा मीठ भुरभुरायला सांगायचो. तो म्हणायचा, "काका, एवढं मीठ बरं नाही." मी म्हणायचो, "तू तुझं काम कर, बाबा. यामागे मोठा हिशेब आहे."

घरी संध्याकाळी बातम्यांच्या वाहिनीवर चर्चा लावायला लागलो. ऑफिसातले लोक म्हणतात, ती चर्चा ऐकली की त्यांचं रक्त उकळतं. मी मोठ्या आशेनं बसायचो. पण सहाजण एकदम ओरडायला लागले की मला खरेदी समितीच्या बैठकीत बसल्यासारखं वाटायचं आणि डोळा लागायचा. एकदा बायको शेजारी बसून सफरचंद खात होती. त्या कराकरा आवाजानं माझी झोपमोड झाली आणि माझं डोकं खरोखरच तापलं.

"सफरचंद जरा हळू खा की!" मी खेकसलो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं आणखी एक मोठा लचका तोडला. मला राग आला, आणि राग आला म्हणून जरा बरंही वाटलं. तेवढाच रक्तदाबाला हातभार.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. तेव्हा मी ठेवणीतला उपाय काढला आणि मेव्हण्याला जेवायला बोलावलं. माझा मेव्हणा उंबरठ्यावर पाऊल ठेवल्यापासून सल्ले देतो. पंखा कुठे हवा होता, भिंतीला कुठला रंग हवा होता, मी कुठली नोकरी धरायला हवी होती. तो नुसता 'भाऊजी' म्हणाला तरी माझ्या कानशिलातली शीर उडायला लागते. शिवाय माझं भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल तो कित्येक वर्षांपूर्वी घेऊन गेला होता आणि ते भोक अजून पाडून झालं नव्हतं.

आणि तो आला तो ड्रिल घेऊनच आला.

"भाऊजी," तो म्हणाला आणि त्यानं ड्रिल माझ्या हातात ठेवलं. "तुम्ही मला कधी आपणहून बोलावलं नव्हतं. घरी बायकोला म्हटलं, मीच माणूस ओळखायला चुकलो." जेवताना तो पंख्याबद्दल काही बोलला नाही. भिंतीचा रंग बघून 'छान आहे' म्हणाला. जाताना त्यानं मला मिठी मारली. इतकं गार, इतकं समाधानी मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सगळी संध्याकाळ वाया गेली.

मी निराश झालो नाही. दाणे वाढवले. एका सुट्टीच्या दिवशी बायको बाहेर गेलेली बघून मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावरचा खोका हलवून बघितला. दोरी बांधलेली होती, खोका चांगला जड होता. म्हणजे माल अजून भरपूर शिल्लक होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास मारत होता, पण आमच्या माळ्यावर सगळ्यालाच मारतो. गोळीचा रंगही अलीकडे गुलाबीचा पांढरा झाला होता. घाऊक मालात असं थोडं इकडेतिकडे व्हायचंच. मी खाली उतरलो आणि पुन्हा जोमानं कामाला लागलो.

बायकोच्या मात्र काहीतरी लक्षात यायला लागलं होतं. एक दिवस कपडे धुताना तिनं माझ्या शर्टाचा खिसा उलटा केला आणि दाण्यांची मूठभर सालं बाहेर पडली.

"हे काय?"

"ऑफिसातल्या कोणाचीतरी असतील."

"तुमच्या खिशात?"

"आमच्याकडे जागेची टंचाई आहे."

ती हसली नाही. "चालायलाही जात नाही तुम्ही हल्ली."

"गुडघा जरा..."

"दोन्ही?"

त्यानंतर ती सकाळी गोळी हातावर ठेवायची, मी गिळली की 'आ करा' म्हणायची आणि जिभेखाली बघायची. तिचा चेहरा तेव्हा मला आवडायचा नाही. ताटं पुसता पुसता बाबांचं सांगितलं होतं, तेव्हा तसाच झाला होता. मी गोळ्या थुंकून टाकतोय असं तिला वाटत होतं, हे मला कळत होतं. 'अगं, उलट मी त्या संपवायच्या मागे आहे,' असं तिला सांगावंसं फार वाटायचं. पण काम फत्ते झाल्यावरच सांगू म्हणून मी जीभ आवरली.

"पुढच्या खेपेला मी येते डॉक्टरांकडे," ती म्हणाली.

आली. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा फुगवला. बायको खुर्चीच्या टोकाला बसून माझ्या दंडाकडे बघत होती. मी गालातल्या गालात हसू दाबत होतो. परीक्षेत पेपर सोपा गेला की चेहरा गंभीर ठेवणं फार अवघड असतं.

"हे काय हो?" डॉक्टर म्हणाले. "हा तर पहिल्यापेक्षाही वर गेला!"

"अरेरे," मी म्हणालो. "म्हणजे आता तीच गोळी चालू ठेवायची ना?"

"तीच कशी ठेवू? तिला दाद देत नाहीये तुमचा रक्तदाब. ती बंद करू या. दुसरी जोरकस देतो, जोडीला आणखी एक देतो. आणि या तीन-चार तपासण्या करून घ्या. जरा खर्चाच्या आहेत, पण इलाज नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मी ते टोपण निघताना बघत होतो. खोका गेला. दाढ गेली. वर दोन गोळ्या कायमच्या बसल्या. आणि पेन कागदाला टेकलं.

"थांबा!" मी ओरडलो. बाहेर रांगेत बसलेलं कोणाचं तरी पोर रडायला लागलं. "त्या गोळीचा काही दोष नाही, डॉक्टर! ती उत्तम गोळी आहे! मीच खारे दाणे खात होतो!"

"कशाला?"

"रक्तदाब वाढवायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. कोटेशनं, शेठ, सवलत, डिंकाचं पिंप, लिफ्ट, मेव्हणा, सगळं. सांगताना ते जितकं शहाणपणाचं वाटायला हवं होतं तितकं वाटेना.

"माझे बाबा गोळी वाचवायला गेले," बायको अगदी हळू म्हणाली, "आणि तुम्ही गोळी खपवायला निघालात? तुमचाही हात असाच कुठेतरी थांबला असता म्हणजे? मी काय करायचं होतं मग?"

"अगं, पण खोकाभर गोळ्या पडल्यात," मी म्हणालो. "तुझ्या दाढेचे पैसे आहेत त्यात. ते कसे वाया जाऊ देऊ? माझ्याच्यानं जेवताना तुझ्याकडे बघवत नाही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं. मग एकदम विचारलं, "कुठला खोका?"

"माळ्यावरचा."

"तो तर तुमच्या डांबरगोळ्यांचा खोका आहे."

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

"तुम्ही खोका आणलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले," बायको म्हणाली. "त्याचा सगळा माल त्याच शेठकडून येतो. त्यानं तिथल्या तिथे फोन लावला. शेठ म्हणाला, खोका फोडलेला नाही ना, मग द्या पाठवून, तुमच्या पुढच्या मालात वळता करतो. सगळे पैसे परत मिळाले. तिथून मी इथे आले आणि डॉक्टरांना विचारलं, यातलंच काही स्वस्त मिळेल का?"

"विचारलंस?" मी थक्क झालो. "डॉक्टरांना? तोंडावर?"

"मग कुठे विचारायचं?" डॉक्टर म्हणाले. "तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, साध्या नावानं मिळतं. मी लगेच लिहून दिलं. तुमच्या शेठच्या घाऊक भावाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी दिलं असतं. पण तुम्ही असा चेहरा करून बसला होतात की मला वाटलं, पैशाला काही तोटा नाही."

म्हणजे इतके दिवस मी पांढरी गोळी खात होतो ती स्वस्तातली होती, आणि मीठ खाऊन, मेव्हण्याला पोसून, बातम्या ऐकून जिच्यासाठी झटत होतो ती घरात नव्हतीच. मी झटत होतो ते डांबरगोळ्यांसाठी.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"वाट बघत होते. तुमचं कधी लक्ष जातंय ते."

"गोळीच्या रंगाकडे गेलं होतं माझं. पण मला वाटलं..."

"रंगाकडे नाही हो!" असं म्हणून ती माझ्याकडे वळली आणि तोंड भरून हसली. कितीतरी दिवसांनी मी ताटाऐवजी तिच्याकडे बघत होतो. उजवीकडे, खाली, जिथे वर्षभर खिंडार होतं, तिथे एक दाढ होती. नवी कोरी. दिव्याच्या उजेडात चमकत होती.

"ही कधी बसवलीस?"

"तुम्ही मला 'सफरचंद हळू खा' म्हणून खेकसलात ना?" ती म्हणाली. "त्याच्या आदल्या दिवशी. तुम्हाला दाखवावं म्हणून मुद्दाम शेजारी येऊन खात होते."

मी विचारलं, "बसवायच्या आधी तीन ठिकाणचे भाव तरी घेतलेस का?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. मग त्यांनी पांढरी गोळी तशीच चालू ठेवायला सांगितली, दाणे बंद केले, चालणं सुरू केलं आणि फी घेतली. ही फी घेताना मात्र ते बोलले. "पुढच्या खेपेला यांनाच पाठवा," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही नुसता दंड घेऊन या."

घरी आम्ही चालतच निघालो. ती पुढे, मी मागे. ऑफिसच्या फाटकाशी आल्यावर ती थांबली. "तुमचा दाणेवाला हाच का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं एक मोठी पुडी घेतली. दाणेवाल्यानं सवयीनं वरून मीठ भुरभुरलं आणि मला सलाम केला.

मी हात पुढे केला. तिनं पुडी दुसऱ्या हातात घेतली. आणि मग घर येईपर्यंत ती एकेक दाणा तोंडात टाकून, नव्या दाढेखाली, माझ्या कानाशी कडाकड फोडत चालली होती. मला एकसुद्धा दिला नाही. सालं मात्र सगळी माझ्या खिशात टाकली.